बागेत टांगलेली रेकॉर्ड

ओसाका, २० सप्टेंबर

रविदादा,

थोरला आहेस म्हणून आधी नमस्कार, बाकीचं खाली.

मी बरी आहे, दोन्ही वेळ भात खाते, आईला तेवढं सांग. तिचा गुडघा कसा आहे?

सत्तरच्या दशकातल्या जपानी रॉक बँडची ती रेकॉर्ड इथे जुन्या दुकानात पुन्हा मिळाली. माझी पहिली, सहा वर्षं शोधून मिळवलेली, तू द्राक्षबागेत पाखरं हाकलायला टांगलीस, मधोमध भोक आयतंच आहे म्हणून. ती उन्हाने पापडासारखी वाकली, तेव्हा म्हणालास, "तशीही ती बोंबाबोंब कोणाला कळत होती?"

तू मागितलेली छाटणीची जपानी कात्री घेतली. काडी कापल्याचं हाताला कळतही नाही, अशी धार आहे. कालच पार्सल केली, पण महेशच्या पत्त्यावर. हो, बांधावरून तीन वर्षं तू ज्याच्याशी बोलत नाहीस, तोच.

ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आहे, तेव्हा त्याच्याकडे लवकर जा. त्याला मी रेकॉर्डवरचं बावीस मिनिटांचं गाणंही पाठवलंय. ते तू त्याच्या ओट्यापुढे उभ्याने पूर्ण ऐकलंस, तरच कात्री द्यायची. तो लगेच हो म्हणाला.

काही न विसरलेली तुझी धाकटी,
तेजस्विनी