ऐंशीवर थांबवा

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सकाळी नऊला गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. तीनला परतलो. बॅटरीची क्षमता एकसष्ट टक्के उरली आहे. सत्तरच्या खाली गेली की वॉरंटीत बदलून मिळते. पण तिथला तंत्रज्ञ म्हणाला, नोंदीत दिसतंय की तीन वर्षं रोज शंभर टक्के चार्ज केलीय, अजूनही करताय. पुस्तिकेत ऐंशीवर थांबवा असं आहे. कारण लेखी द्या, वरिष्ठ ठरवतील. फॉर्म कोराच घरी आणला आहे.

गाडी आता तुझ्या गावापर्यंत पोचत नाही आणि वाटेत चार्जिंग नाही. पाठीमुळे बसचा प्रवास झेपत नाही. तेव्हा याही महिन्यात येणं कठीण दिसतं. रागावू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

९ मार्च

चि. मुकोबास अ. आ.

तोंडाला कुलूप होतंच, आता हातालाही लावलंस का? कारण साऱ्या घराला ठाऊक आहे. तिला कधी धाप लागेल याचा नेम नव्हता आणि हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. ती मला हसून सांगायची, वन्सं, तुमचे बंधू झोपण्याआधी गाडीकडे बघतात, मग माझ्याकडे. एवढं लिही, सही कर. ती जाऊन सात महिने झाले. एकटा किती दिवस भिंती बघणार आहेस? लिहवत नसेल तर सोबत मजकूर पाठवते आहे, तो उतरवून काढ.

तुझे मेहुणे पत्त्यांना भिडू नाही म्हणून माझं डोकं खातात. ये रे बाबा.

तुझी वाट बघणारी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझा मजकूर उतरवला नाही. एकच ओळ लिहिली: घरात आजारी माणूस होतं, गाडी कायम तयार ठेवावी लागायची. शेवटच्या दिवशी गाडीची गरज पडलीच नाही, पूर्ण चार्ज होऊन उभी होती, ते लिहिलं नाही.

काल बॅटरी बदलून मिळाली. तंत्रज्ञानं बसायला खुर्ची दिली. घरच्यांना आता बरं आहे ना, असं विचारलं. आता त्रास नाही, एवढंच म्हणालो. निघताना त्यानं पुन्हा बजावलं, ऐंशीवर थांबवा.

ऐंशी टक्क्यांत तुझं गाव येतं. रविवारी दुपारपर्यंत पोचेन. मेहुण्यांना पत्ते पिसायला सांग. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा भाऊ

ता. क. पत्र अर्धं ठेवून गाडी चार्जिंगला लावून आलो. चार्जिंगची मर्यादा शंभरची ऐंशी करायला बराच वेळ लागला. बटण एकच आहे. मग हात धुतले आणि पान वाढून घेतलं.