सूपभर कोंड्याचं नाव

काकी,

बुबू गेली. ती स्वतःच तुला गाठून सांगेल म्हणावं, तर तुमच्या दोघींच्या वाटा तिकडेही वेगळ्या असतात असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, पण उगाच धोका नको, म्हणून मीच कळवते आहे. स्वयंपाकघरात, तुझ्या जुन्या पाटावर बसून लिहिते आहे. घरात दुसरं कुणी नाही. दुपारचा भात एकटीपुरता टाकला होता, तोही उरला.

तू मला जन्म दिलास आणि बुबूने मला विकत घेतलं. ही गोष्ट वेंगुर्ल्यात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त मला ती जरा उशिरा कळली. माझ्याआधीची दोन्ही मुलं तुझ्या हाताला लागली नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, की हे मूल आपलं म्हणू नको, दुसऱ्याच्या पदरात टाक. आपल्या शेजारी बुबूचं घर, सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचं. तू मला उंबऱ्यावर ठेवलंस, ती सूपभर कोंडा घेऊन आली, कोंडा तुझ्या ओटीत घातला आणि मला उचललं. मग म्हणाली, "ह्यां आता माझां. तुमका सांभाळूक दिलंय." विकत घेणाऱ्याने नाव ठेवायचं असतं. अशा मुलांना लोक धोंडू म्हणतात, केरू म्हणतात, म्हणजे वाईट नजर तिकडे फिरकत नाही. बुबूला आपल्या मुलीला असलं काही म्हणवेना. तिने मला तिच्या आईचं नाव दिलं, जैनब. बाबा शाळामास्तर. त्यांनी एका अक्षराचाही फेरफार न करता तेच नाव शाळेत घातलं.

नाव जैनब आणि पुढे आपलं आडनाव. नवा मास्तर हजेरी घेताना माझ्यापाशी अडखळायचा, मान वर करून बघायचा, पुन्हा कागदात बघायचा. पोरांना तर आयतंच कोलीत. चतुर्थीला विचारायची, तुमच्याकडे गणपती कसा, आणि ईदेला विचारायची, शाळेत कशी आलीस. बुबूच्या मुलींच्या मैत्रिणी मला अर्धी म्हणायच्या, आपल्या आळीतल्या मुलीही अर्धीच म्हणायच्या, पण दोन अर्ध्या मिळून मी कुठेच पुरी झाले नाही. हल्ली नाव सांगितलं की लोक हसत नाहीत. गप्प होतात, आणि आडनाव ऐकल्यावर आणखी गप्प होतात. हसत होते तेच बरं होतं असं आता वाटतं.

पण त्या सगळ्याचं मला तेवढं लागलं नाही. लागलं ते तुझं. तुला मी आई म्हणायचं नव्हतं. बाबांना बाबा म्हणायची मुभा होती, कारण मुलं गेली ती तुझ्या पोटची, असा हिशेब कुणीतरी मांडला होता. म्हणून तू काकी. आणि तू मला नुसतं "गो". गो, पाणी दी. गो, भायर उन्हात जाव नको. जैनब हे नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि माझं लेकरू, माझं बाय, असलं तर नाहीच नाही. दिवाळीला माझा नवा परकर बुबूच्या हातून यायचा. ती म्हणायची, तुझ्यासाठी आणलाय गो. मी तो उलटा करून बघते, आतली शिवण तुझी आहे, धागा दाताने तोडायची तुझी सवय मला माहीत आहे. मी तुझ्याकडे बघते, तू चुलीत फुंकर घालते आहेस.

माझं लग्न ठरत आलं होतं, आठवतं ना. कुडाळकडची माणसं, बरी होती. मुलगा मला आवडला होता, हे मी आज पहिल्यांदाच तुला सांगते आहे. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहायचं आणि जुनं सोडून द्यायचं. सगळ्यांच्याच बायकांची नावं बदलतात, यात काय मोठं. बाबा तयार होते. मीही तयार होते, मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं. तू कधी पुरुषांच्या बैठकीत न येणारी, त्या दिवशी दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "नाव बदलूचां नाय. ह्या नावार तां जगलां." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. पुढे दोन-तीन स्थळं आली, तीही त्याच दारातून परत गेली. मग येईनाशी झाली. मी कचेरीत नोकरी धरली, निवृत्तही झाले. तुझ्यावरचा राग मात्र कामावर रुजूच राहिला.

तुझ्या शेवटच्या आजारात मी रजा काढून दवाखान्यात तुझ्याजवळ होते. बाबा आधीच गेले होते. नर्स चांगली होती, बोलकी. तुझे केस विंचरताना तिने सहज विचारलं, मुलगी का तुमची, किती करते. तू माझ्याकडे बघितलंस. बोलायला त्रास होत होता तरी नीट, सावकाश म्हणालीस, "ह्यां माझां चेडू न्हय. शेजाऱ्यांचां आसा." नर्सला वाटलं तुला भ्रम झालाय. तुला भ्रम बिम काही नव्हता. तू मला राखत होतीस, अगदी शेवटच्या श्वासापर्यंत, ते मला तेव्हाही कळत होतं. पण कळून पोट भरत नाही, काकी. पन्नाशीला टेकलेल्या बाईला आता कुठली नजर लागणार होती? एकदा म्हणाली असतीस, तर मी मेले असते तरी चाललं असतं.

तू गेलीस तेव्हा मी अंगणात शेजारणींच्या घोळक्यात उभी राहिले. कुणी मला पुढे बोलावलं नाही, मी गेलेही नाही. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. काळजाचा दगड आहे, असं आपल्याच माणसांनी म्हटलं, ते मी ऐकलं.

परवा बुबूच्या घरी गेले तेव्हाही बाहेरच थांबले होते. तिच्या थोरल्या मुलीने बघितलं आणि ती उठून आली, हात धरून म्हणाली, "तू भायर कित्या रवलंस? हंय बस, आमच्यांत." तिने मला मुलींच्या रांगेत, बुबूच्या उशाशी बसवलं. आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात रडले नव्हते. लेकी स्वतःचं रडणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हातारी पाठीवरून हात फिरवत होती. "रडांदी तेका," ती बाकीच्यांना म्हणाली, "आवस गेली तेची." तिच्या लेखी माझी आई गेली होती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुझा पत्ता नाही माझ्याकडे. फक्त एवढं तुला माहीत असावं. बुबू माझ्यासमोर होती, तिच्यावर माझी मायाही होती. पण मी तिथे बसून तुझ्यासाठी रडत होते, आणि त्या बायकांना मी तसं सांगितलं नाही.