दार वाजलं की मार्तंड उठतो

कोल्हार, ६ जुलै १९४३

आज पुन्हा तेच! पिठलं-भात वाढला, मार्तंडने दोन घास घेतले, मागल्या खोलीचं दार वाऱ्याने खडखडलं — आणि हा पानावरून उठला. जाऊन दार ढकललं, आत पाहिलं, लोटून घेतलं, हात धुतले. झालं जेवण! एकदा पानावरून उठलं की परत बसायचं नाही, हे आमच्या वडिलांचं वळण. ते हा पन्नाशीतही सोडत नाही.

"अरे, वारा आहे तो."

"हो अक्का, वाराच आहे."

मग उठतोस कशाला?

बडोद्याची शाळा सोडून मी इथे आले ती या धाकट्या भावाची प्रकृती बरी नाही असं कानावर आलं म्हणून. पाहते तर सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. आठ दिवसांत एकदाही पोटभर जेवलेला नाही.

७ जुलै

घरातली सगळी दारं तपासली. एकही चौकटीत बसत नाही. कडेने बोट जाईल एवढी फट. सबंध दिवस कुठलं ना कुठलं दार कोणीतरी वाजवतंय असं वाटत राहतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कॉलेजात होते तेव्हाही नव्हता, मैत्रिणी चिंचेखालून जायला भीत तेव्हा मी मुद्दाम जायची. पण आज दुपारी भाजी चिरताना मागल्या खोलीचं दार हलकेच वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं — आणि मी चक्क "कोण?" म्हटलं!

स्वतःचीच लाज वाटली.

दुखणं दारांचं आहे. दारं नीट बसली की हा जेवेल. उद्याच सुताराला बोलावते.

९ जुलै

सहादेव सुतार येऊन गेला. राहीबाई अंगणात भांडी घासत होती. मार्तंडची बायको विजया होती तेव्हापासून ती इथे कामाला आहे. त्याला पाहताच कडाडली, "माज्या पाटाचा पाय मोडून दिवाळी गेली, तवा सवड न्हाई घावली. बाईंनी बोलावलं तर लगी पळत!"

"बसून बसून तूच मोडलास त्यो पाट. त्याला सुतार काय करंल?"

दोघांनाही गप्प केलं. बाकीच्या दारांना कडेने पट्ट्या मारल्या की चालेल. मागल्या खोलीचं मात्र नवंच करावं लागणार. लढाईमुळे साग कुठे मिळत नाही. "बाभळ हाय माज्याकडं," सहादेव म्हणाला, "पर अजून वली हाय. पावसात फुगंल, बाई."

म्हटलं, फुगू दे. मला घट्टच हवंय.

संध्याकाळी मार्तंडला विचारलं — दारं इतकी आखूड केली कोणी?

"मीच. दर वर्षी आषाढाच्या आधी रंधा मारतो."

का?

चपला घालून नदीकडे निघून गेला.

११ जुलै

एक गोष्ट मात्र चांगली. मार्तंडने सोवळं-ओवळं सोडलंय. देव्हाऱ्यावर फडकं टाकलेलं, पूजा बंद. एके काळी सोवळ्यात असताना कोणाची सावली पडली तरी पुन्हा आंघोळ करणारा हा माणूस! बायको गेल्यावर का होईना, सुधारला.

१६ जुलै

दारं बसली. नवं दार खांद्याने रेटून उघडावं लागतं. सहादेव दोनदा म्हणाला, जरा तासू का? नको म्हटलं.

मार्तंड घरी थांबला नाही. ठोकाठोकी संपेपर्यंत घाटावर बसून होता.

१७ जुलै

घर गप्प झालं. अगदी गप्प.

दोन्ही वेळा मार्तंड पानावर बसून राहिला. उठला नाही. जेवलाही नाही. घास हातात, मान मागल्या खोलीकडे. भात वाळला.

"आता काय ऐकतोस? आता काहीच वाजत नाही ना?"

"नाही अक्का. आता ती वाजवणार कशी?"

इतकं साधेपणाने म्हणाला! ती म्हणजे कोण, हे विचारायचं धाडस झालं नाही. मला! वर्गात चाळीस मुली नुसत्या माझ्या पाहण्याने गप्प बसत.

१८ जुलै

राहीबाईला समोर बसवलं. विजया कशी गेली ते सांग म्हटलं. सहा वर्षांपूर्वी मला तार आली होती, 'दम्याने गेली' एवढीच. तेराव्याला आले आणि परत गेले. पुढे ना मी विचारलं, ना त्याने सांगितलं.

आधी म्हणाली, "नगं बाई, जुनं हाय." मग पदर तोंडाला लावून बोलली.

"वैनी बाजूला बसल्या हुत्या. त्याच खोलीत. आषाढ हुता, पाऊस लई. दार फुगून घट्ट बसल्यालं, आतनं वढंना. दम लागल्यावर मानसाला वरडता येतंय व्हय? नुसतं दार वाजवलं. दादा सोवळ्यात, देवापुढं. विटाळ व्हईल ना! तिथनंच म्हनले, 'जरा थांब, पूजा होऊ दे.' आनि मग वाजायचं थांबलं. त्यांना वाटलं, निजल्या."

मी विचारलं, तू कुठे होतीस?

"हितंच की. अंगनात, भांडी घाशीत. दादा हायेत म्हनून मी बी उठले न्हाई."

ती उठून अंगणात गेली.

आणि मी इथे लिहिलं — सुधारला!

१९ जुलै

सहादेवला निरोप धाडला, दार काढून ने. तो सासरवाडीला गेलाय, अकोल्याकडे. कधी येईल घरच्यांना ठाऊक नाही. तोवर दार उघडं राहावं म्हणून आतून वरवंटा टेकवलाय.

मार्तंडने दिवसभरात वाटीभर ताक घेतलं.

२१ जुलै

पाऊस थांबत नाही. प्रवरा गढूळ, घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. मार्तंड पानावर बसतो, ऐकतो, पान तसंच टाकतो. काय बोलू? वारा आहे म्हणायचीही आता सोय नाही.

२२ जुलै

आज मार्तंड पानावरून उठला आणि परत त्याच पानावर येऊन बसला. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. भात दोनदा मागून घेतला. राहीबाई दारातून बघत राहिली.

त्याला वाढून मी कोरडं सरपण आणायला मागल्या खोलीत गेले होते. वरवंटा सरकला, वाऱ्याने दार आपटलं ते बसलंच. ओढून ओढून तळहात सोलले. त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

मिटलं. नुसतं दार वाजवलं.

पाट सरकला. पावलं धावत आली. दारावर खांदा आदळला, पुन्हा आदळला.

"आलो गं विजया! आलो!"

मी ओ दिली.