हळद लावलेलं पिल्लू

हट्टा, मंगळवार, दिवेलागणीला

कालच्या वादळानं गोदामामागच्या चिंचेची मोठी फांदी मोडली, बगळ्यांची घरटी खाली आली. एकच पिल्लू जिवंत सापडलं, पंखाखाली खरचटलेलं. मी हळदीचा व्यापारी. जखम दिसली की हात हळदीकडंच जातो. लावली चोळून. पांढरं पिल्लू पिवळंजर्द.

शेजारचे युसूफभाई म्हणाले, "शेठ, नवरदेव करून राहिले का त्याला? आता माय वळखंल का याला?"

हसलो, पण तेव्हापासून तेच डोक्यात. पुसायला गेलो तर पिवळं आणखी पसरलं. हळद दळायच्या मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा मी; पण वर बगळी ओरडत होती ती बोलावून राहिली का हाकलून, कळेना. भलं करायला गेलो आणि...?

शेवटी पिल्लू टोपल्यात ठेवून टोपलं उरलेल्या फांदीला बांधलं. बगळी आली, काठावर बसली. पिल्लानं चोच वासली. तिनं घास दिला न्हाई, उडूनही गेली न्हाई, नुसती बघत राहिली.

"चला शेठ," युसूफभाई हळूच म्हणाले, "आपुनच आड येऊन राहिलो."

आत आलो. पिल्लाचा आवाज आत्ताच थांबला. घास मिळाला म्हणून, का दमलं म्हणून? उठून बघावं, तर पुन्हा आड येईन.