वर्गणीऐवजी शनिवार

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चष्मा बदललास ते बरं केलंस, आता तरी माझं अक्षर लागेल. इकडे सेवा क्लबाची सेक्रेटरी झाल्यापासून मी पहिलंच मोठं काम केलं. पाच-सहा जुन्या सभासदांची वर्गणी आली नव्हती. विचारलं तर कुणी दुखणी सांगितली, कुणी फोनच उचलला नाही. म्हणून ठराव केला, की ज्यांना भरणं जमत नाही त्यांनी दवाखान्यात नाहीतर वाचनालयात काम करावं, ते तास वर्गणीत धरायचे.

त्या यादीत आपले मामाही निघाले. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून त्यांची ओढाताण चालली आहे, हे शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या भाचीला यादीवरून कळावं! पण ते लगेच हो म्हणाले. दर शनिवारी दवाखान्याच्या जिन्याखाली बसून व्हीलचेअर दुरुस्त करतात आणि वहीत सही करतात. बाकीचे मात्र संकोचतात. काय करू, कळव.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

नव्या चष्म्यातूनही तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पायच. पण मजकूर वाचून अभिमान वाटला. वार्षिक सभेत मामांचं नाव सगळ्यांसमोर घे. क्लबातला सगळ्यात जुना माणूस वर्गणीऐवजी काम करतो म्हटल्यावर इतरांची भीड चेपेल. मामांना टाळ्याही मिळतील. त्यांना आधी सांगू नकोस, गंमत राहू दे.

पत्राला उशीर लावलास तर कान पिळायला येईन.

तुझा,
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. पैसे भरता येत नाहीत म्हणून मामा आपले शनिवार देतात, असं मी माइकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. मामा उठले, हात जोडले, खाली बसले. चहा आला तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

सकाळी राजीनामा आला. मी धावत गेले. रागावलो नाही म्हणाले, चहासुद्धा त्यांनीच केला. मग सांगितलं, की त्या व्हीलचेअर ते नऊ वर्षं दुरुस्त करत आहेत. कधी कुणाजवळ बोलले नव्हते. मी वही पुढे केली तेव्हा मला वाईट वाटू नये म्हणून सही केली. आता चाकाला हात लावला की फेड करतोय असं वाटतं, म्हणाले.

दादा, नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, की शनिवारी तुम्ही असता कुठे.

तुझी,
ठकी

ता. २० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चूक तुझी एकटीची नाही, सल्ला माझा होता. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला ज्या माणसानं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं, त्याची अडचण मी चारचौघांत मांडायला लावली. मी त्यांना पत्र टाकलं आहे, उत्तर नाही.

एक कर. काम सगळ्यांनाच लाव, भरणाऱ्यांनाही. कोण भरतं, कोण नाही, हे फक्त तुला माहीत असू दे. आणि जेवत जा वेळेवर.

तुझा,
दादा

ता. २ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ठराव झाला. आता डॉक्टरही वाचनालयात पुस्तकं लावतात, ठेकेदारही रोग्यांना वाचून दाखवतात. कुणाचं नाव कुठे लागत नाही. फोन न उचलणारे चौघे आपणहून परत आले.

मामांना सांगायला गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेले, सामान घेऊन. दवाखान्यातल्या नर्सबाई दोनदा त्यांची चौकशी करून गेल्या. मी नवा ठराव जोडून लांबलचक पत्र लिहिलं, परत या म्हणून विनवलं.

काल त्यांचं कार्ड आलं. मनात काही नाही म्हणतात. तुझी चौकशी केली आहे. लेकीकडे ऊन छान येतं, नात गुणी आहे. घरासमोरच मोठा दवाखाना आहे, पण आपल्याला दुरुस्ती येते हे त्यांनी तिथे कुणालाही सांगितलेलं नाही.

मी कितीही चुकले तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
ठकी