चाचोपोच्या खाली, तिमोतेसच्या वर

खिंडीखालचं वळण, पारामो
९ जुलै १९७४

चि. रोमेलिया हिस,
थोरल्याचे आशीर्वाद. देव तुझं भलं करो. वि. वि.

रस्ता बंद आहे. चाचोपोच्या वरच्या अंगाला दरड कोसळली आणि अर्धं वळण ओढ्यात गेलं. त्याच दुपारी मागे मेरिदाच्या बाजूलाही चिखल उतरला. मेरिदाहून वालेराला निघालेली कान्देलारियोची बस मधेच अडकली. ती माझ्या खाणावळीसमोर उभी आहे आणि तिच्यातली सगळी माणसं माझ्याकडे मुक्कामाला आहेत. बटाटे आणि लसूण घरचाच, त्यामुळे उपासमार नाही. मासे संपले.

खालच्या मुलखातल्या माणसांचं व्हायचं तेच झालं. निम्म्यांना पारामोची विरळ हवा लागली; कुणाचं डोकं धरलं, कुणाला ओकाऱ्या. एका बाईंचे मात्र ओठ निळे पडले. त्यांना चुलीजवळ निजवलं, गुळाचं गरम पाणी चमच्याने पाजलं. बसमध्ये एक पाद्री होते. ते मरणाऱ्याला लावायच्या तेलाची कुपी घेऊन पुढे आले. मी त्यांना सांगितलं की फादर, तेल जपून ठेवा, उद्या तळायला लागेल. ते रागावले, पण कुपी खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी बाई उठून बसल्या. आभार वगैरे काही नाही. सुपाचा घोट घेतला आणि विचारलं, की ह्या डोंगरावर मीठ मिळत नाही का? वालेराच्या शिंपीणबाई आहेत, नाव नेरिदा, विधवा. मेरिदाला भाचीच्या लग्नाचा झगा बेतायला गेल्या होत्या. आता माझ्या कोटाची बटणं लावून झाली, पडदे शिवून झाले आणि कालपासून स्वयंपाकघरात मला प्रवेश नाही. बाई अखंड बोलतात. धाप लागली की थांबतात, आणि श्वास आला की तिथूनच पुढे सुरू करतात.

तलाठ्यासारखा सगळा हिशेब तुला का देतो आहे, कळत नाही. एलिओला सांभाळून काम करायला सांग.

तुझा थोरला,
बेलार्मिनो

*

काबीमास
२ ऑगस्ट १९७४

ती. दादांस,
धाकटीने वाकून आशीर्वाद मागितला, तो पाठवावा. वि. वि.

आजवर तुमच्या पत्रात पाऊस, बटाटे आणि कुत्री यांपलीकडे काही नसायचं, तेही सहा ओळींत. यंदा पत्र उघडलं तर निम्मं पत्र एका शिंपिणीवर! मी ते ह्यांना, एलिओंना, मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, की दरड चाचोपोला नाही, तुझ्या भावावर कोसळलेली दिसते.

आमच्याकडे बरं आहे. सरोवरावरून वाराच येत नाही, सगळीकडे तेलविहिरींचा वास. धाकट्याला गोवर येऊन गेला. आई गेल्यापासून तुम्ही एकटे त्या धुक्यात बसता. किती वेळा म्हटलं, इकडे या. तर तिमोतेसच्या खाली हवा नाही, आंघोळीचं कढत पाणी आहे, असं तुमचं ठरलेलं उत्तर. निदान त्या बाईंचं नाव पुढच्या पत्रात पुन्हा येऊ द्या.

माया असावी.
रोमेलिया

*

खिंडीखालचं वळण
१५ सप्टेंबर १९७४

चि. रोमेलिया हिस,
आशीर्वाद पाठवला आहे, मिळाला असेल. वि. वि.

रस्ता केव्हाच सुरू झाला. बस गेली, माणसं गेली. पर्यटक येतात, खिंडीतल्या पुतळ्याशी फोटो काढतात, त्या कोंडोर गिधाडाला गरुड म्हणतात आणि थंडी फार आहे असं मला सांगतात. बटाट्याला कीड नाही. सूप आता खारट होतं, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे.

कान्देलारियो वालेराहून येताना दारात बस थांबवतो. कधी दोऱ्याचं रीळ आणतो, कधी निरोप. परवा सगळ्या गाडीसमोर ओरडून म्हणाला, की बाईंनी विचारलंय, कोटाची बटणं शाबूत आहेत का. मी म्हटलं, एक तुटलंय. तुटलं नव्हतं.

जानेवारीत, नाताळात निजवलेल्या बाळ येशूला उभं करण्याचा सोहळा यंदा माझ्या घरी आहे. बाळाच्या मूर्तीचा रुमाल धरायला चार माणसं लागतात. तिघं मिळाली आहेत. चौथ्यासाठी वालेराला निरोप धाडला. तू मागितलंस म्हणून नाव लिहितो: नेरिदा.

तुझा,
बेलार्मिनो

*

वालेरा
२८ जानेवारी १९७५

रोमेलियाबाई यांस,
ओळख नसता लिहिते, राग नसावा. स. न. वि. वि.

तुमच्या दादांनी तुम्हाला काही कळवलं नसेल, म्हणून मी कळवते. सोहळ्याला मी वर गेले होते. मेणबत्त्या घेतलेली माणसं, व्हायोलिन, आणि आम्ही चौघं रुमालाची चार टोकं धरून बाळाला घरोघर मिरवत होतो. देवळाच्या चढावर तुमचे दादा माझ्या बाजूने चालत होते. त्यांनी समोर बघतच मला विचारलं, की इथेच राहायला याल का. त्यांचा आवाज इतका खाली, की मला वाटलं मेणबत्ती धरता का विचारताहेत. कळल्यावर मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडले. माझ्या हातचं टोक सुटलं. बाकी तिघांनी धरलं होतं म्हणून बाळ पडलं नाही.

तुमच्या दादांनी मला बटाट्याच्या ट्रकमध्ये घालून खाली आणलं. तिमोतेसपर्यंत मी शुद्धीवर नव्हते. वाटेत ते माझ्याशी सारखे बोलत होते, असं ट्रकवाला सांगतो. त्याचा विश्वास बसत नव्हता, कारण दादांना बोलताना त्याने कधी ऐकलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे. पुन्हा एवढ्या उंचीवर गेलात तर मला भेटायला येऊ नका, पाद्र्याला बोलवा.

मी बरी होईपर्यंत ते माझ्याकडे होते. पंख्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, चेहरा उकडलेल्या बिटासारखा. जेवण जाईना, नाकातून रक्त यायचं. तरी म्हणत होते, सवय होईल. मी त्यांना सक्तीने बसमध्ये बसवलं. बस घाट चढायला लागली तेव्हा ते कुठे नीट बसले, असं कान्देलारियो म्हणाला.

माझं उत्तर अजून माझ्याचकडे आहे. मला वर मरण आहे आणि त्यांना खाली. तुमचं ते ऐकतात. त्यांना विसरायला सांगाल का? मी सांगायला गेले तर भलतंच बोलून बसेन.

लोभ आहेच, तो इतक्यावर थांबू नये.
नेरिदा

*

काबीमास
१६ फेब्रुवारी १९७५

ती. दादांस,
आशीर्वाद द्या, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचा. वि. वि.

नेरिदाबाईंचं पत्र आलं. चिडवायला सुरुवात मीच केली होती, आता थांबवायलाही मीच लिहिते आहे. दादा, सोडून द्या. बाई चांगल्या आहेत, हे त्यांच्या दोन ओळींतच कळलं. म्हणूनच सांगते. उद्या त्यांना वर काही झालं तर तुम्ही त्या चुलीजवळ बसूच शकणार नाही. आणि तुम्ही खाली आलात तर आम्ही तुम्हाला खुर्चीत वाळताना बघायचं का? इथे येऊन राहिलेली डोंगराकडची माणसं मी पाहिली आहेत. ती सगळी दाराशी बसून दक्षिणेला, डोंगरांकडे बघतात.

एलिओ म्हणतात, दोघांना दोन पंखे आणि दोन शेगड्या घेऊन द्या. त्यांना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते. मला सुचत नाही. एक पत्र लिहून त्यांना मोकळं करा.

रागावलात तरी माया तोडू नका.
रोमेलिया

*

तिमोतेसच्या वरचं वळण
४ मे १९७५

चि. रोमेलिया हिस,
आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण घडेपर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं. वि. वि.

तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. तू म्हणतेस ते सगळं खरं होतं. मी पत्र लिहायला बसलो, पण ते हातून उतरेना. मग कान्देलारियोला विचारलं, की तू रोज वालेराहून खिंडीत येतोस, कोट कुठे घालतोस? तो म्हणाला, ठरलेलं नाही, तिमोतेसखालच्या मेसा गावाच्या पुढे कुठेतरी. आणि खालच्या बाया धाप लागून कुठे गप्प होतात? तो म्हणाला, चाचोपोत.

नेरिदाला निरोप धाडला. ती कान्देलारियोच्या बसने वर यायला निघाली, मी ट्रकने खाली उतरलो आणि मेसाला त्याच बसमध्ये चढलो. तिथे मला घाम फुटला होता, तेव्हा मेसा बाद. पुढे कान्देलारियोने जागोजागी गाडी थांबवली. आम्ही उतरायचो, मला घाम येतो का, तिला धाप लागते का, हे बघत थोडा चढ चढायचो, परत यायचो. बसमधली माणसं आधी कुरकुरली, मग तीच खिडकीतून मतं द्यायला लागली. एका म्हातारीने तर बजावलं, की पोरी, घाई करू नकोस, मी नवरा निवडताना एवढ्या वेळा उतरले नव्हते.

चाचोपोच्या चौकात नेरिदा बोलता बोलता गप्प झाली. बोलणारी बाई गप्प होते, यासारखी भीती नाही. मी हात धरून तिला बसमध्ये बसवलं आणि गाडी वळवायला सांगितली. कान्देलारियोने वळवली.

खाली उतरताना तिमोतेसच्या अलीकडे एका वळणावर तिला पुन्हा वाचा फुटली. उतरलो. गाजरांच्या शेताकडेने चढण आहे, ती ती चढली, पूर्ण वेळ माझ्या कोटाच्या कापडाला नावं ठेवत. मी कोट खांद्यावर टाकला होता. घातला नव्हता आणि घाम नव्हता. वर फुलं बांधायची एक जुनी शेड आहे, रिकामी. तिथे उभं राहून तिने जानेवारीतलं उत्तर पूर्ण केलं. ते होकारार्थी होतं. बसवाल्यांना खालून काही ऐकू गेलं नाही, तरी त्यांनी भोंगा वाजवला.

आता इथेच खाणावळ आहे. वरची बंद केली. ते सोपं गेलं नाही, एवढंच लिहितो. आईची कबर वर राहिली. दर रविवारी ट्रकने जाऊन येतो. थोरला कुत्रा आमच्याबरोबर यायला तयार झाला नाही. दोनदा आणला, दोनदा चालत खिंडीत परत गेला. तिसऱ्यांदा आणणार नाही. त्यालाही त्याची हवा आहे.

सगळ्यांना घेऊन ये. इथे दोघांनाही सुखाचं आहे.

तुझा थोरला,
बेलार्मिनो

ता. क. वन्सं, ह्यांनी दोघांना सुखाचं आहे असं लिहिलंय ते खोटं आहे. ह्यांना इथे जरा उकडतं आणि मला जरा गारठा वाजतो. रोज खिडकीवरून भांडण होतं. पण भांडायला दोघांनाही दम पुरतो.
— नेरिदा