मोडली म्हणून नोंदवलेली, पण चालणारी कप्पी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विज्ञान संग्रहालय.

विषय : माझ्या सहीवरची 'कप्पी मोडली' ही खोटी नोंद खोडून मिळण्याबाबत.
संदर्भ : आपली तक्रार नोंदवही, गेल्या रविवारची शेवटची नोंद.

महोदय,

१. गेल्या रविवारी मी मुलगा, सून व नात यांच्यासह आपल्या संग्रहालयात आलो होतो. दारावर 'हात लावा, करून पाहा' अशी मोठी पाटी आहे. त्रेसष्टाव्या वर्षी नातीने मला अक्षरे शिकवली, त्यामुळे पाटी दिसली की मी वाचतो. आणि वाचले की खरे मानतो, हा माझा दोष.

२. एका दालनात वाळूचे पोते दोरीने उचलायचे होते. फलकावर लिहिले होते, 'चार कप्प्यांमुळे ओझे चौपट हलके लागते.' नात दोरीला लोंबकळली, पण पोते तसूभर हलले नाही. "ते कधीच हलत नाही," आपला पहारेकरी म्हणाला, तेही ऐटीत.

३. मी चाळीस वर्षे कारखान्यांत जड यंत्रे कप्प्यांनी उचलून बसवली आहेत. पाहिले तर दोरी खालच्या दोन कप्प्यांतून ओवलेलीच नव्हती, थेट पोत्याला बांधली होती. खालच्या दोघी नुसत्या शोभेला. मी गाठ सोडून दोरी नीट ओवली. नातीने पोते हसत हसत वर नेले. तोच पहारेकरी धावला, "अहो आजोबा, हात लावा म्हणजे इतका नाही!"

४. पहारेकऱ्याने मला कार्यालयात नेले. तिथे आपल्या कारकुनाने तक्रार नोंदवही पुढे सरकवली आणि माझ्याकडे एकदा पाहून शाईची डबी उघडली. "अंगठा द्या, लवकर होईल." मी इरेला पेटलो आणि सही ठोकली. त्या नादात वरचा मजकूर वाचायचा राहिला. ती चूक माझी, कबूल आहे. नातीने मात्र तो वाचला. तेव्हापासून ती रोज विचारते, "आजोबा, मोडली नव्हती, मग सही का केलीत?"

५. काल पुन्हा येऊन गेलो. कप्पीवर 'नादुरुस्त' अशी पाटी टांगली आहे. चालत नव्हती तेव्हा पाटी नव्हती, चालू लागल्याबरोबर लागली. आपल्या इमारतीत कोणीतरी एकदा दोरी ओढून पाहावी. विज्ञान असेच करतात, असे आपल्याच भिंतीवर लिहिले आहे.

६. सबब, ती नोंद खोडून 'कप्पी दुरुस्त केली' असे लिहावे. मी नातीला घेऊन सहीला येईन. मजकूर आधी ती मोठ्याने वाचेल, मग मी. शाईची डबी तेवढी कपाटात ठेवावी.

आपला नम्र,
आणि यापुढे वाचून सही करणारा,
(सही)
शुक्रवार, दि. २०

सोबत : दोरी ओवण्याची आकृती, नातीने काढलेली. वरची बाजू कोणती, ते बाणाने दाखवले आहे.